साहेबांनी तपासलेली बातमी

हिंदी पेपरातल्या इंटर्नने पहिल्या दिवशी नम्र असावं, पण किती? ऐका. आमच्या कॉलनीत पाण्याची बोंब होती आणि पाणीवाले साहेब महिनाभर मला फोनवर "सब नॉर्मल है" ऐकवत होते. म्हणून नव्या सायलीला मी त्यांचं म्हणणं आणायला चार इमली या अफसरांच्या वस्तीत, त्यांच्या बंगल्यावर पाठवलं. ही बया अख्खी बातमीच त्यांना दाखवून आली!

"सर, चूक राहू नये म्हणून तपासून घेतली."

"अगं, ज्याच्याविरुद्ध बातमी, त्यालाच दाखवलीस? पंचवीस वर्षांत मी कुठल्या साहेबाला एक ओळ दाखवली नाही! उद्यापासून येऊ नकोस!"

तिचे डोळे भरले. "सॉरी सर. पण त्यांनी एकच आकडा बदलला."

मी कागद हिसकावला. समोर मसुदा आला की सुधारून सही ठोकायची, ही साहेबांची जन्माची सवय. 'पानी दो दिन में एक बार' यातला 'दो' खोडून त्यांनी हिरव्या शाईत 'चार' लिहिलं होतं. खाली सही, तारखेसकट.

मी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"बस बेटा. रस्तेवाल्या साहेबांनाही काही तपासायला देशील का?"