सात नंबरच्या खोलीबाहेरचा प्रकार

जबाब देणारी: परिचारिका, वय ५३ वर्षे, काम रुग्णालयातील संसर्ग रोखणे, राहणार रुग्णालयामागची गल्ली, दुसरा मजला.

मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी एकटी राहते व या रुग्णालयात अठ्ठावीस वर्षे नोकरीस आहे. एका रुग्णाचे जंतू दुसऱ्यापर्यंत जाऊ नयेत हे पाहणे माझे काम. कोणी हात न धुता खाटेजवळ गेले की मी टोकते. मला साबणबाई म्हणतात. मी वॉर्डात शिरले की गप्पा थांबतात आणि नळ सुरू होतात.

सात नंबरच्या वेगळ्या खोलीत बारा दिवसांपासून एक वृद्ध बाई होत्या. त्यांच्या जखमेतल्या जंतूंवर आमच्याकडचे एकही औषध लागू पडत नव्हते. त्यांची सून वरच्या मजल्यावर बाळंतीण आहे. बाळ सातव्या महिन्यातच झाले, म्हणून काचेच्या पेटीत ठेवले आहे. दोन्हीकडे ये-जा करणारा माणूस एकच, बाईंचा मुलगा.

आज सकाळी साडेदहाच्या सुमारास तो आईच्या खोलीतून बाहेर आला. अंगात गाऊन नव्हता, हातमोजे नव्हते. तसाच जिन्याकडे निघाला. मी त्याच्या आडवी आले. म्हणाले, "आधी हात धुवा, कपडे बदला, मग बाळाकडे जा."

तो म्हणाला, "आईचा हात धरला होता. घाण नाही चिवडली."

मी म्हणाले, "त्यांना झालंय ते बाळाला झालं, तर आमच्याकडे औषध नाही."

"तुमचं कोणी पडलंय का आत? तुम्हाला काय कळणार!" असे म्हणून त्याने मला ढकलले. मी औषधांच्या ट्रॉलीवर आदळले. उजवे मनगट मोडले. रखवालदाराने त्याला धरून येथे आणले. तो जिन्याची एकही पायरी चढला नव्हता, हे मी खात्रीने सांगते.

प्लास्टर झाल्यावर मला घरी जायला सांगितले. मी गेले नाही. बाई मुलाला हाका मारत होत्या. प्लास्टरवर पिशवी बांधून, गाऊन चढवून मी आत बसले. त्यांना नीट दिसत नव्हते. "आलास का रे?" त्यांनी विचारले. मी मास्कमधून "हं" म्हटले. हे नियमात बसत नाही.

"बाळाला पाहिलंस?"

"हं."

"कुणासारखं आहे?"

यावर नुसते हं चालण्यासारखे नव्हते. मी त्यांचा हात धरून ठेवला. दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी त्या गेल्या.

मुलाला ही बातमी मीच येथे बाहेरच्या बाकावर दिली. त्याने विचारले, "काही म्हणाली का?" मी सांगितले, बाळ कुणासारखं आहे, विचारत होत्या. त्याने आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, "आज पहिल्यांदा बाळाला हात लावू देणार होते."

माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही. त्याला सोडावे. आईचे सगळे उरकल्यावर अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून त्याने बाळाकडे यावे. हात कोपरापर्यंत कसे धुवायचे ते मी शेजारी उभी राहून दाखवीन.

हा मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तेच व तेवढेच त्यात आहे. सही डाव्या हाताची आहे, ती माझीच समजावी.