माझ्या खोलीतला नियम

"आमच्या घरचं रडगाणं या पोरींपुढं कशाला?" मासेवाली यमुना माझ्या दारात उभी राहून लेकीवर ओरडत होती. "ऊठ सारिका, चल घरी, गव्हाणला! नाय शिकायचं तुला!"

सारिका समुपदेशन शिकत होती. वर्गातल्या इंग्रजीपुढे तोंड उघडेना, म्हणून ती आणि तिच्यासारख्याच, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या आणखी तिघी रविवारी कामोठ्यात माझ्याकडे मराठीतून सराव करायच्या. एकीने आपलं खरं दुःख सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

मी शाळा न पाहता अख्खं ग्रंथालय वाचून काढलेली बाई, मला कोण हरवणार? म्हटलं, "अगं, इथलं बोलणं या खोलीबाहेर जात नाही. नियमच आहे तसा."

"मग मावशी, भर बाजारात मला कोन बोललं, नवऱ्याची दारू सोडव, पोर रडते?"

सारिकाने या खोलीत सांगितलेलं मीच तिला बोलले होते. कोळंबी निवडता निवडता, तिच्याच भल्यासाठी. चारही पोरी माझ्याकडे बघायला लागल्या.

"मग, खोटं बोलले का?" मी आवाज चढवला. यमुनेने सारिकाचं मनगट धरलं.

सारिकाने ते शांतपणे सोडवून घेतलं आणि म्हणाली, "आई, मी शिकणार; आणि आजी, पुढच्या रविवारपासून आमी बसलो की तुमी खाली बाकड्यावर जाऊन बसायचं."