जांभळीखालची माती

निशिगंधा : जांभळीवर काल भरपूर काजवे होते, आबा. खालच्या मातीत मात्र त्यांची एकही अळी नाही.

(चाकणजवळचं ओढ्याकाठचं शेत. सकाळ. कीटकांची अभ्यासक निशिगंधा माती चाळते आहे. शेजारी वडील धोंडीबा.)

धोंडीबा : त्या टँकरवाल्यांचं पाप हाय. अंधारात कंपन्यांचं घाण पानी वढ्यात सोडायचे.

निशिगंधा : मलाही आधी तोच संशय आला. पण गोगलगायी जिवंत आहेत. अळ्या त्यांनाच खातात. विष असतं, तर आधी गोगलगायी मेल्या असत्या.

धोंडीबा : मग अळ्या बेडकांनी खाल्ल्या.

निशिगंधा : सहसा खात नाहीत. अळी कडू असते. काजव्यांचा प्रकाश मुळात तेवढ्यासाठीच उत्क्रांत झाला असावा : मला खाऊ नका, हे सांगायला. उडणाऱ्या काजव्यांनी पुढे तोच जोडीदार शोधायला वापरला.

धोंडीबा : म्हंजी आधी धमकी, मग लगीन. आमचं उलटं झालं बघ.

निशिगंधा : आईला सांगते हं.

धोंडीबा : सांग की. पर अळ्या गेल्या कुठं? समदं रान इकलं, येवढा तुकडा तुझ्या काजव्यांपायी ठिवला. भावकी हसली मला.

निशिगंधा : गेल्या वर्षी पाऊस कमी झाला असेल.

धोंडीबा : वढा बांधाला लागला हुता गेल्या साली! निशे, माझं मन राखू नगंस. कुठंच न्हाईत का अळ्या?

निशिगंधा : ओढ्यापलीकडे आहेत. तिथे उजेड पोचत नाही.

धोंडीबा : पलीकडं तर कंपनीची शेड हुनार.

निशिगंधा : हो. जांभळीजवळच्या खांबावरचा हा हॅलोजन तुम्ही कधी लावलात, आबा?

धोंडीबा : गेल्या सालच्या उन्हाळ्यात. रातभर जळतो. तवापासनं एक टँकर फिरकला न्हाई.

निशिगंधा : यंदाचे काजवे त्याआधीच्या अंड्यांतले आहेत. अळीला वाढायला दोन वर्षंही लागतात.

धोंडीबा : आन् इजवला, तर टँकर परत येत्याल.

निशिगंधा : येतील.

धोंडीबा : न्हाई इजवला तर?

निशिगंधा : तर या झाडावरचे हे शेवटचे.

धोंडीबा : ...नीट सांग. माज्या हातनं काय झालं, त्ये.

निशिगंधा : नर चमकत होते. हॅलोजनच्या उजेडात माद्यांना ते दिसले नाहीत. जोड्या जमल्या नाहीत, म्हणून अंडी झाली नाहीत.