केमिलेम्बेच्या ताटलीतले नाकतोडे

—आधी ती वही मिटा, मग सांगते. केमिलेम्बेला भेटायचंय ना? भेटाल की. शेजारच्याच वर्गात आहे, पोरांना हात धुवायला लावतेय. वीस वर्षांनी तुमच्या साहेबांना आठवण झाली होय, की आमची पोरं चार वर्षांची असताना खाऊपुढं कोण थांबलं, कोण नाही थांबलं, आणि पुढं त्यांचं काय झालं! घ्या, कॉफीचे दाणे चघळा. आमच्या बुकोबा गावात पाहुण्यानं दाण्यांना नाही म्हणायचं नसतं. थांबलेल्यांत पहिलं नाव कुणाचं? र्वेगासिराचं. ‘विलक्षण संयम’ लिहिलंय ना? अहो, झोपला होता तो! टेबलावर डोकं, तोंड उघडं. साहेबांनी खिडकीतून फक्त पाठ बघितली. त्या संयमावर मोठ्या शाळेत जागा मिळाली त्याला — आता कुठल्याशा कचेरीत आहे, अजून तसाच टेबलावर असतो म्हणे.

केमीचं? सांगते ना, ताई. साहेबांनी गोळ्या आणल्या होत्या. मीच म्हटलं, गोळ्यांपुढं आमची पोरं म्हातारी होईपर्यंत बसतील, मोह बघायचाय तर तळलेले नाकतोडे ठेवा — ‘सेनेने’ म्हणतो आम्ही त्यांना! हंगामच होता. ताटलीत पाच; साहेब परत येईपर्यंत खाल्ले नाहीत तर दहा. आणि केमीच्या वेळी साहेब जे गेले ते गेलेच — जीप केळीच्या बागेत रुतली. बाकीच्यांना पाव तास, हिला अडीच तास! काय केलं असेल पोरीनं? हात मांड्यांखाली दाबून बसली. मग नाकतोड्यांना गाणं म्हटलं. मग त्यांनाच दटावलं — “गप बसा, साहेब येतायत.” शेवटी खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड. मी फटीतून बघत होते. मग तिला शू लागली. म्हणाली, “बाई, मी येईपर्यंत यांच्याकडं बघाल?” बघते म्हटलं. बघितलंही! — तुम्ही खाल्लेत कधी? कांदा, मीठ, कुरकुरीत… आमच्या आजीच्या काळी बायकांनी फक्त वेचायचे, खायचे पुरुषांनी. म्हणून एक आजीसाठी खाल्ला. एक आईसाठी. मग — पाचच तर होते हो!

तेवढ्यात साहेब आले. गुडघ्यापर्यंत चिखल, ताटली रिकामी, पोरगी दारात. लिहिलं — ‘थांबू शकली नाही.’ मी बोलले का? नाही बोलले. ती बोलली का? तीही नाही. शिक्का मारून तो कागद घरी गेला. आईनं साखर कुलपात घातली. पहिलीत हिला डब्यांपासून लांब बसवलं. कुणाच्याही लग्नात वाढपी हिच्या पुढची परात उचलायचे. चुलती तर मिरवायची — “आमच्या हावरटाचा शिक्क्याचा कागद आहे, तुमच्याकडं आहे का?” सातवीत असताना कुणाचं कोंबडं हरवलं, तर आधी हिचं तोंड हुंगलं. मी? …मीही हुंगलं. सगळ्यांसमोर.

आणि मीच तिला इथं कामाला लावली. दया आली म्हणून — म्हणजे, दया नव्हे हो, डोळ्यांसमोर हवी होती. कुणाला सांगतेय का, ते कळायला. तर बघते काय, चिडलेल्या पोराला जवळ घेते, म्हणते, हात मांड्यांखाली दाब, गाणं म्हण, पाठ फिरव. आणि पोरं थांबतात हो! चावाचावी नाही, रडारड नाही. तीस वर्षं छडीनं मला जे जमलं नाही… म्हणून म्हणते, तिला काही विचारू नका. लिहा, मुलगी गावात नाही. लिहा, वारली! — काय झालं? मागं काय बघताय?

केमी… कधीपासून उभी आहेस गं दारात? — सगळं? — अगं, मी तेव्हाच सांगणार होते, पण… काय? तुला तेव्हाच कळलं होतं? माझ्या ओठाला मीठ लागलेलं? मग बोलली का नाहीस एवढ्या वर्षांत?

— काय वाटलं म्हणालीस?

भूक लागली असेल? मला?

…उठा ताई. नाही, हे लिहू नका. चपला बाहेर आहेत तुमच्या. जा म्हणते ना.