अर्जातली अतिशयोक्ती

तुमी हसून राह्यले, पण माह्या इंग्रजीनं गावाचं वाटोळं केलं. आमची विहीर आटली, तवा गावात मॅट्रिक झालेला मी एकटाच. नव्या विहिरीसाठी गोऱ्या साहेबाले इंग्रजीत अर्ज लिहिला, 'आमचं गाव तहानेनं मरत आहे.'

साहेबानं विचारलं, "किती मेले?"

"कोणी नाही, साहेब. ही अतिशयोक्ती आहे. अलंकार."

"मग तहानही अलंकारच असेल," म्हणून त्यानं अर्ज परत केला.

लोक डबक्यातलं पाणी पिऊ लागले अन् पटकीची साथ आली. त्यात माही मायही गेली. मी पुन्हा अर्ज नेला, 'घाण पाण्यानं अकरा माणसं मेली.'

साहेबानं लगेच विहीर मंजूर केली. म्हणाला, "आता तुम्हाला चांगलं इंग्रजी येतं."

अन् म्या त्याले थँक्यू म्हटलं.