कमरेभोवती उठलेलं

सरू : ...आत्याबाई उंबऱ्याच्या आत येऊ नका म्हणत्यात, आवडाआज्जी. मी काय करू? दोन दिवस झाले, पोरीला न्हाऊ घातलं नाय.

मनकर्णाबाई : काय करू म्हणजे? सरळ सांग की तिला. नातीच्या अंगावर देवी आलीय. दाराला लिंब बांधलाय, म्हातारीला दिसत नाय व्हय? आवडाबाई, तेलाची वाटी घेऊन आल्या पावली माघारी जा. आठ दिवस मालिश नाय, आंघोळ नाय.

आवडाबाई : जाते की बाई. पदमपुऱ्यापासून उन्हात पाय ओढत आले, घोटभर पाणी तरी द्या.

मनकर्णाबाई : दे गं सरू. वरून ओत. चहा मागू नको, सांगून ठेवते. घरात फोडणी नाय, तळण नाय, चूलच पेटली नाय सकाळपासून.

आवडाबाई : मी तीन दिवस आपल्या देवगावला लग्नाला काय गेले, एवढं झालं? गेले तवा पोर लोण्यावाणी व्हती.

सरू : परवा जरा लालसर दिसलं. काल फोड आले, पाण्याचे. सकाळपासून अंग तापलंय आन अंगावर प्यायलीबी नाय धड. मी म्हणलं, पैठण गेटजवळ लेकरांचे डॉक्टर हायेत, त्यांच्याकडं नेते. तवापासून आत्याबाई ह्या अशा उंबऱ्यावर आडव्या बसल्यात.

मनकर्णाबाई : माझं घर, माझा उंबरा. बसंन नाय तर झोपंन.

सरू : ह्यांची वैजापूरच्या गाडीवर ड्युटी हाय. रातच्याला येत्याल. तवर कुणाला सांगू मी?

मनकर्णाबाई : बद्रीनाथ आला तरी काय करणार? यष्टी हाकतो तो, मला नाय हाकत.

सरू : आत्याबाई, देवी आता राहिलीच नाय. भिंतीभिंतीवर लिहिलंय सरकारनं, देवीचा रोगी दाखवा आन बक्षीस घ्या म्हणून.

मनकर्णाबाई : सरकारला सापडंना, तर तिचा काय दोष? सरकारला तर आमच्या गल्लीचा नळबी सापडंना. सातवी शिकलीस म्हणून भिंती वाचती, आन दारात बसलेली सासू वाचता येत नाय तुला.

आवडाबाई : भांडू नका गं. लेकराच्या कानावर जातं. सरू, मी काय आत येत नाय. तू पोरीला हितं उजेडात आण, मी लांबून बघते.

मनकर्णाबाई : कामून बघायची?

आवडाबाई : बघण्याला इटाळ नाय बाई. दोनशेच्या वर लेकरं ह्या हातानं न्हाऊ घातली. लेकराचं अंग म्हणजे काय ना काय चालूच असतं. पंधरा दिवसाला तोंडावर बारीक दाणे येत्यात, आपसूक जात्यात. उन्हाळ्यात मानेला घामोळ्या. लंगोट ओला राहिला की मांड्या लाल. आया घाबरत्यात, मी हासते. बघितल्याबिगर मी कशी हासू?

सरू : ही बघा.

आवडाबाई : ...तोंडावर काय नाय हिच्या.

सरू : नाय. तोंडावर नाय, तळहातावर नाय, पायावर नाय. पोटाला आन पाठीला. कमरेच्या भोवती गोल. बाकी अंग सगळं कोरं हाय.

आवडाबाई : बाई, देवी आधी तोंडावर येती. तळहातावर येती. तुम्ही आम्ही दोघींनी बघितलीय ती. ही कसली देवी, नुसती कमरेला?

मनकर्णाबाई : अशीबी येती. आमच्या घरात अशीच येती.

सरू : आमच्या घरात म्हणजे?

मनकर्णाबाई : ऐक मग. सांगणार नव्हते, वली बाळंतीण हायेस म्हणून गप्प व्हते. बद्रीनाथच्या आधी मला लेक झाली व्हती. साळू. पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, देवगावला. रझाकाराच्या भ्यानं आम्ही सरहद्दीपलीकडं पळालो व्हतो, ते माघारी आलो, आन त्या जळून काळ्या पडलेल्या घरात हीच पहिली जन्मली. अशीच सव्वा महिन्याची व्हती. असंच उठलं. हितंच उठलं, कमरेच्या भोवती गोल. आख्ख्या गावात दुसऱ्या कुण्या लेकराला नाय, एकट्या तिलाच. सातव्या दिवशी देवी तिला घेऊन गेली.

सरू : हे मला कुणीच सांगितलं नाय.

मनकर्णाबाई : पुढचं ऐक. सत्तावीस वर्सं झाली. दुपारची भांडी घासायला बसले की मागच्या भिंतीकडून तिचं रडणं येतं मला. गाव सोडलं, हितं आलो, भिंत बदलली, रडणं बदललं नाय. मी कुणाला बोलले का कधी? भांडी घासत गेले. आन परवा ही पोर पाळण्यात रडायला लागली, तसं भिंतीकडचं थांबलं. पार थांबलं. तवा उघडून बघितलं हिचं अंग. तिथंच उठलेलं. सरू, ही साळू हाय. देवीनं नेली व्हती, देवीनंच माघारी धाडलीय. खूण करून धाडलीय.

सरू : माझ्या लेकीला असं म्हणू नका, आत्याबाई. पाया पडते मी तुमच्या. मेलेल्या पोरीचं नाव तिला लावू नका.

मनकर्णाबाई : मेलेली नाय. नेलेली. दोन्हीत फरक हाय. ज्या घरची लेक देवी नेती, त्या घरच्या आईला मान असतो. इचार हिला. चैत्रात गावातल्या बाया पहिली ओटी माझी भरायच्या.

आवडाबाई : एकट्या तिलाच, म्हणलात.

मनकर्णाबाई : काय?

आवडाबाई : देवी एका घरी येऊन जात नाय बाई. आळीच्या आळी धरती. एकट्या तिलाच कामून आली, असं कधी मनात आलं नाय?

मनकर्णाबाई : आज लई बोलायलीस तू.

आवडाबाई : सरू, हिचा करदोडा कुठं हाय?

सरू : आत्याबाईंनी काढून ठेवला. लाल दिसलं तसं लगेच. देवीच्या अंगावर काळं चालत नाय म्हणल्या.

आवडाबाई : त्यात काय ओवलं व्हतं?

सरू : दोन काळे मणी. आन बिब्बा.

आवडाबाई : मी न्हाऊ घालत व्हते तवा बिब्बा नव्हता.

सरू : तुम्ही देवगावला गेल्या, त्याच दिवशी बांधला. माझ्या माहेरची माणसं येणार व्हती पैठणहून, सव्वा महिन्याला. दीठ लागू नये म्हणून.

मनकर्णाबाई : बरं केलं बांधला. हिची मावशी कशी टकामका बघत व्हती पोरीकडं. डोळे का काय ते.

आवडाबाई : टोचला कुणी?

मनकर्णाबाई : मी. दाभण तापवून. तू नव्हतीस म्हणून काय अडून बसायचं?

आवडाबाई : नवा बिब्बा असंल. टोचला की चीक निघतो. वरून तेल चोळलं असंल, शेकलं असंल, हे असं ऊन. चीक पाघळून फिरला कमरेभोवती. बाई, ही देवी नाय. बिब्बा उतलाय.

मनकर्णाबाई : तोंड सांभाळ. बिब्बा घरोघर बांधत्यात.

आवडाबाई : बांधत्यात. बऱ्याच जणींच्या लेकरांना काय होत नाय. एखाद्याचं अंग कोवळं असतं, त्याला उततो. मग फोड येत्यात, फुटत्यात, त्यात घाण जाती. आंघोळ बंद केली, हवा बंद केली, की पिकत जातं आन लेकरू तापानं फणफणतं. आपण म्हणतो देवी रागावली.

सरू : म्हंजे औषध हाय ह्याच्यावर?

आवडाबाई : परवा असतं तर मीच खोबरं चघळून लावलं असतं. आता ताप आलाय. आता डॉक्टरच पाहिजे, आन आजच पाहिजे.

मनकर्णाबाई : थांब. कुणी हलू नका. मी आत्ता काय म्हणले? साळूला असंच उठलं व्हतं म्हणले ना मी?

आवडाबाई : व्हय.

मनकर्णाबाई : तिलाबी देवीच व्हती.

आवडाबाई : सरू, पोरीला आत पाळण्यात ठेव आधी.

मनकर्णाबाई : आवडाबाई, तिला देवीच व्हती. बोल की.

आवडाबाई : साळूच्या करदोड्यातला बिब्बा मी टोचून दिला व्हता, मनकर्णे. तू सतरा वर्सांची, तुला दाभण धरता येत नव्हतं. लाल दिसल्यावर तुझ्या सासूनं करदोडा काढला, तो मागनं सुईण म्हणून माझ्याकडंच दिला पुरायला. चिकानं दोरा पार कडक झाला व्हता.

मनकर्णाबाई : कवाची गोष्ट ही?

आवडाबाई : चौथ्या दिवसाची.

मनकर्णाबाई : ती सातव्याला गेली.

आवडाबाई : व्हय.

मनकर्णाबाई : मधी तीन दिवस व्हते.

आवडाबाई : तुझ्या सासूनं देवीला खण ठेवला व्हता. सगळा गाव दारातून हात जोडून जायला लागला व्हता. माझ्या हातचा बिब्बा उतला म्हणले असते तर पुढं कोणत्या बाळंतिणीनं मला घरात घेतलं असतं? चार पोरं व्हती माझी. मी गप्प बसले. गावात मिल्ट्रीचा डॉक्टर आला व्हता लस टोचायला, त्याला तेवढा तुझ्या दारापर्यंत आणला. म्हणलं, हा आत गेला की त्याचं त्याला कळंल. माझं नाव येणार नाय.

मनकर्णाबाई : आठवतंय मला. बूट वाजले व्हते अंगणात.

आवडाबाई : तू दार उघडलं नाय. आतनं म्हणलीस, घरात लेकरू नाय.

मनकर्णाबाई : म्हणले. मीच म्हणले. वाटलं, हा चामड्याच्या बुटानं देवीपुढं येणार.

सरू : आत्याबाई, पाणी देऊ का?

मनकर्णाबाई : ती रडायची तवा मी हात जोडून बसायचे, सरू. अंगात देवी, तिला उचलायचं कसं? तिला छातीशी कसं धरायचं? ती माझ्याकडं बघून रडायची आन मी म्हणायचे, आई, चुकलं असंल तर पदरात घे. चार दिवस. पाचव्या दिवसापासून आवाज बसला तिचा. मला वाटलं, शांत झाली.

(पाळण्यात ठेवलेली मुलगी रडू लागते.)

सरू : मी उचलते तिला.

मनकर्णाबाई : इचारायचं काय त्यात? उचल. कमरेला हात लावू नको, मानेखालून धर.

आवडाबाई : मनकर्णे, मला काय बोलायचं ते बोल. शिव्या दे. सत्तावीस वर्सं वाट बघायलेय.

मनकर्णाबाई : तुला आज द्यायला काय नाय माझ्याकडं. नंतर बघू. वाटी ठेव खाली आन कोपऱ्यावरनं रिक्षा घेऊन ये, चालायला येतं ना तेवढं? ऊन लागू नये, छत असलेली बघ. हे बघ, उठले मी उंबऱ्यावरून. जा.

सरू : हिला कशात गुंडाळू? दुपटं टोचतंय तिला.

मनकर्णाबाई : पेटीत माझं जुनं लुगडं हाय, धुऊन धुऊन मऊ झालेलं. फाड निम्मं. बघत काय बसलीस, फाड. सैल गुंडाळ, आन रिक्षात मांडीवर उताणी नको, कुशीवर घे.

सरू : तुम्ही येताय ना, आत्याबाई?

मनकर्णाबाई : नाय.

सरू : मला एकटीला भ्या वाटतंय.

मनकर्णाबाई : आवडाबाई येईल संगं. मी आले तर डॉक्टरपुढं तुला बोलू देणार नाय. तुझ्याआधी माझं तोंड उघडंल, आन ते काय बोलंल त्याचा मला आज भरवसा नाय.

सरू : मग मी काय सांगू त्यांना?

मनकर्णाबाई : बिब्बा उतला म्हण. सासूनं बांधला म्हण, सासूनंच दोन दिवस कोंडून ठेवलं म्हण. मला झाकू नको. ताप कवा आला, किती वेळा प्यायली, सगळं नीट सांग.

सरू : ते रागावत्याल.

मनकर्णाबाई : रागावू दे. आन सरू, तुमच्या घरात हे पहिल्यांदाच झालं का, असं इचारलं, तर नाय म्हण.