टक लागलेली पिल्लं

न्हाई सर, मला वाटलं होतं तुम्ही माफी मागायला येताय. पत्र वाचून मी आईला म्हटलंही — आई, माझे सर येऊन राह्यले, रात्रभर रेल्वेत बसून, काहीतरी लागलं असेल त्यांच्या मनाला. आणि तुम्ही आलात ते माझी प्रयोगाची वही मागायला! बसा ना, बाज मजबूत आहे. हो, न्हाईच म्हणते मी. लॅबमध्ये हसायचात ना माझ्या न्हाईला, सगळ्यांसमोर? हे धावडा आहे, इथं तुमचं पुणेरी 'नाही' ऐकून लोक हसतील.

वही कशाला पाहिजे ते मीच सांगते, तुम्ही उगा शब्द शोधू नका. परदेशात कुणीतरी आपलाच प्रयोग परत केला, उत्तर उलटं आलं, आणि मासिकवाल्यांनी तुमच्याकडे मूळ नोंदी मागितल्या. बराबर? मंग! दहा दिवसांची उंदराची पिल्लं, काचेची बरणी, वरून केस वाळवायच्या मशीनची गरम हवा — लेकराला ताप चढावा तशी. हातपाय उडाले की शेपटीला लाल खूण, काही झालं न्हाई की निळी. आणि काही पिल्लं नुसती थिजायची. डोळे उघडे, तोंड चघळल्यासारखं हलतंय, चिमटा काढला तरी भान न्हाई. वहीत मी लिहिलं — 'टक लागली'. लाल खूण केली. तुम्ही ते खोडलंत. "उंदरांना तुझ्या आईची भाषा कळते का गं?" — अख्खी लॅब हसली.

आईचीच भाषा आहे ती. तो कडब्याजवळ बसलाय ना, तो देवानंद, माझा भाऊ. न्हाई, बोलणार न्हाई तो तुमच्याशी. वीस वर्षांचा आहे, अजून चपलेचा डावा-उजवा कळत न्हाई. दोन वर्षांचा होता तेव्हा ताप चढला की टक लागायची. आई त्याला घेऊन दवाखान्यात पळायची. डॉक्टर विचारायचे, हातपाय उडाले? न्हाई. मंग काही न्हाई, घरी न्या. चारदा घरी आणलं. पाचव्यांदा सकाळी लागलेली टक दुपार झाली तरी सुटली न्हाई. म्हणून तर गेल्ते मी इतक्या लांब — टक म्हणजेही झटकाच, तिनंही मेंदू बिघडतो, हे दाखवायला! आणि दाखवलं असतं. पण तुम्ही टक लागलेली एकतीस पिल्लं निरोग्यांत बसवलीत. मोठी झाल्यावर पाण्यात सोडली, पाण्याखाली लपवलेला उभं राहायचा पाट आठवणीनं शोधायला, तर आजारीही भरकटली आणि तुमची निरोगीही. फरक दिसणार कुठून? तुम्ही छापलंत — तापातल्या झटक्यानं काही बिघडत न्हाई.

काय? खुणा तुम्ही न्हाई बदलल्या?

खरंय. तुम्ही कुठं हात लावता पिल्लांना, वास येतो तुम्हाला. मीच बदलल्या. स्पिरिटचा बोळा घेऊन एकेका शेपटीची लाल पुसली, निळी लावली, दुपारभर. तुमचं शिफारसपत्र पाहिजे होतं मला. पुसता पुसता एकेक पिल्लू तळहातावर झोपी जायचं, इतका भरवसा — हळू बोला, आई चुलीपाशी आहे. तिला हे माहीत न्हाई.

रडत न्हाई मी. खूश आहे. तीन वर्षं वाट पाहून राह्यले होते, तुमची मान अशी खाली कधी जाते. पाहू द्या अजून थोडी. आणि तुम्ही आणलेले ते पेढे उचला, देवानंदला देऊ नका.

वही घरात न्हाई, सर. तुमचं पत्र मंगळवारी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं भोकरदनला गेले, पोस्टाच्या बाकावर बसून मासिकवाल्यांना पत्र लिहिलं. आधी त्यात एकट्या तुमचंच नाव होतं. फार गोड वाटलं वाचायला. मंग ध्यानात आलं — एवढ्यावर तुम्ही बिलकुल सुटाल. म्हणाल, पोरगी सूड घेऊन राह्यली. फाडला तो कागद. ठरवलं, माझं नाव आधी घालायचं. 'खुणा मी बदलल्या. यांनी सांगितलं म्हणून.' वहीसकट रजिस्टर केलं.

उठा. गाडी फाट्यावर थांबते, गावात येत न्हाई.